उजव्या अंगाची सोबत

"टेम्पो येतोय, आणि तो ह्याच शेडमध्ये उभा राहणार. घोडी कुठं न्यायची ते तू ठरव."

"मग टेम्पो उन्हात उभा कर. त्याला काय घेरी येणार आहे?"

"आई, नवी गाडी आहे ती!"

"आणि ही जुनी म्हणून बाहेर काढायची? मग मलाही काढ. मी तरी कुठं नवी आहे?"

माझी पिठाची गिरणी त्यांच्या शेडला भिंतीला भिंत लावून आहे. गिरणी चालू असली की शेजारचं काही ऐकू येत नाही, म्हणून असं काही सुरू झालं की मी गिरणी बंद करते. दळण घेऊन आलेली माणसंही मग घाई करत नाहीत. त्या दिवशी तर डबे खाली ठेवून सगळे भिंतीला कान लावून उभे होते. पण नुसतं ऐकून माझं कधी भागलेलं नाही. हात झटकले आणि पलीकडे गेले.

काकू शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून आडव्या उभ्या होत्या. समोर त्यांचा मुलगा. कोरडा वारा सुटला होता, अंगणातली धूळ उडून दोघांच्या तोंडात जात होती, पण तोंड मिटायला कुणी तयार नव्हतं. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती घोडी मागे शांतपणे कडबा चघळत होती.

ह्या घोडीची गोष्ट अशी. काका, म्हणजे काकूंचे यजमान, घोडागाडी हाकायचे. बाजारातली पोती, कपाटं, लोखंड, काय वाटेल ते वाहायचे. गाडीला त्यांचा एक काळा घोडा होता. ताकद म्हणाल तर भिंत ओढून नेईल, पण भित्रा इतका की कागद उडाला तरी मागच्या पायांवर उभा. एकटा असला की पाऊल टाकायचा नाही. म्हणून काकांनी ही घोडी आणली आणि गाडी जोडीची केली. तो उजवीकडे, ही डावीकडे. हिच्या अंगात जोर बेताचा, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. लोक हसले. काका म्हणाले, "ओढायला नाही आणली. सोबतीला आणली." आणि खरंच, ही शेजारी आली आणि तो घोडा माणसात आला. पुढं काका गेले. गेल्या हिवाळ्यात घोडाही गेला. गाडीची चाकं अंगणात भिंतीला टेकून राहिली आणि घोडीला काही काम उरलं नाही.

मुलगा तेच म्हणाला. "आई, तिचं काम सोबत करायचं होतं. ज्याची करायची तोच राहिला नाही. आता तिला ठेवून करायचं काय?"

काकूंचे कमरेवरचे हात खाली आले. मग म्हणाल्या, "माझंही काम तेच होतं."

"मी तुझ्याबद्दल बोललो का?"

"मला तरी तसंच ऐकू आलं."

मुलगा वाईट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. काकांच्या मागे घर त्यानेच ओढलं, आणि टेम्पो त्याने हौसेसाठी घेतलेला नव्हता. पण त्याने दलालाशी बोलून ठेवलं होतं. दलाल गावोगाव फिरून थकलेली जनावरं गोळा करतो. ती पुढं कुठं जातात ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. काकूंना दलाल म्हणाला होता, "चांगल्या ठिकाणी देतो." काकू म्हणाल्या होत्या, "त्या ठिकाणी म्हातारं झालेलं एक तरी जनावर दाखव, मग ने." तेव्हापासून तो आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचा.

"टेम्पो यायच्या आत मी तिला घर शोधते," काकूंनी मुलाला सांगितलं. "माझ्या पसंतीचं. तुझा दलाल दारात दिसला तर त्याच्याच गाडीत त्याला कोंबीन."

आणि त्या खरंच घरं बघत फिरल्या. मला बरोबर घेऊन. गिऱ्हाइकं माझ्या नावानं खडे फोडत होती, पण असा तमाशा मी दळणापायी सोडणार नव्हते.

काकूंची घर बघायची तऱ्हा निराळी. चारा किती आहे, जागा किती आहे, काही विचारायच्या नाहीत. आत जाऊन बसायच्या, पाणी प्यायच्या आणि विचारायच्या, "तुमच्याकडं जुनं काय आहे?"

रोपवाटिकावाल्याला प्रश्न कळलाच नाही. त्याने नवा पंप दाखवला. काकू उठून मागच्या दारी गेल्या. तिथं एक म्हातारा कुत्रा भर उन्हात साखळीला बांधलेला, पाण्याचं भांडं पालथं. काकूंनी भांडं सुलटं केलं, पाणी भरलं आणि त्या एक शब्द न बोलता बाहेर आल्या. किराणा दुकानदाराचं घर आरशासारखं लख्ख. जुनं काही नव्हतंच, केरसुणीसुद्धा नवी. बाहेर पडल्यावर काकू म्हणाल्या, "इथं कशाला जुनंच होऊ देत नाहीत. चल."

शेवटी टेकाडावरच्या बंगल्यात गेलो. तिथले साहेब नोकरीतून निवृत्त होऊन हिरवळीची मशागत करत बसलेले. हिरवळीवर घोडा हवा ही त्यांची जुनी हौस. चांगल्या खुर्चीत एक खंगलेली मांजर झोपली होती आणि साहेब आमच्याशी उभ्याउभ्याच बोलत होते. काकूंनी बसायला सांगितलं तर म्हणाले, "नको, ती आत्ताच झोपलीय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. घर पसंत पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी घोडी पोचवली. काकूंनी साहेबांना बजावून बजावून सगळं सांगितलं. चारा ओला द्या, दात झिजलेत. उजवा डोळा गेलेला आहे. ओरडू नका, तिला ओरडा सोसत नाही. साहेबांनी मान डोलावून सगळं ऐकलं. परतताना काकू वाटभर रडल्या. मीही रडले, न रडायला काय झालं?

टेम्पो आला. शेडमध्ये उभा राहिला. मुलाने तो दोनदा धुतला.

आणि एका सकाळी बंगल्यावरचा माळी दळण घेऊन आला. गिरणीच्या आवाजात ओरडून म्हणाला, "तुमची ती घोडी म्हणजे महाहट्टी! जागची हलत नाही. पुढून ओढली, मागून ढकलली, साहेबांनी गूळ दाखवला. पुतळ्यासारखी उभी. आता खाणंही टाकलंय."

मी गिरणी बंद केली. "मग?"

"मग काय? दलालाला बोलावलंय. एवढ्यात गाडी येईल."

"काकूंना कळवलंत?"

"साहेब म्हणाले, त्यांना वाईट वाटेल."

त्याचं दळण तसंच ठेवून मी पलीकडे धावले. काकू पायात चपला सरकवतच निघाल्या. मुलगा टेम्पोची काच पुसत होता. "अगं पण आणलीस तर ठेवशील कुठं?"

"ते वाटेत ठरवीन."

बंगल्यावर पोचलो तर दलालाचा ट्रक फाटकात लागलेला, मागच्या बाजूला फळी टाकलेली. दलाल पुढून दोर ओढतोय, त्याचा माणूस मागून रेटतोय, आणि घोडी चारही पाय जमिनीत रोवून उभी. घामाने भिजलेली. मान सारखी उजवीकडे वळवत होती. साहेब मांजर कडेवर घेऊन व्हरांड्यात उभे होते. चेहरा पडलेला.

"आम्ही खूप प्रयत्न केला हो," ते म्हणाले.

"मला निरोप का नाही धाडलात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटू नये म्हणून हिला मारायला पाठवत होता?"

जो शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं तो काकूंनी भर अंगणात फेकला. साहेबांनी मान खाली घातली. दलाल मात्र उसळला. "मारायला कोण म्हणतंय?"

"मग कशाला नेतोस? नाच शिकवायला?"

"ओ बाई, केव्हापासून घाम गाळतोय मी. हे जनावर बिघडलेलं आहे. तुम्ही हिला इथून चालवून दाखवा, मी मिशी उतरवीन!"

काकूंनी त्याच्या हातातला दोर हिसकावून घेतला. घोडीजवळ गेल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल बाई."

घोडी चालायला लागली. आढेवेढे नाहीत, काही नाही. फाटकातून, ट्रकला वळसा घालून, सरळ रस्त्यावर. मी मागे राहिले आणि दलालाला म्हणाले, "वस्तरा आहे का? नाहीतर माझ्या घरचा पाठवते."

उतार संपेपर्यंत आमची ऐट बघण्यासारखी होती. मग विटांच्या भट्ट्यांची वाट लागली. उन्हाने चिकणमातीला भेगा पडलेल्या, वाऱ्याबरोबर राख उडत होती. काकूंचे गुडघे बोलायला लागले. त्या पुलाच्या कठड्यावर टेकल्या. "तू धर जरा. चालती ठेव तिला, घाम अंगावर वाळला तर आखडेल."

मी दोर धरला आणि पुढं झाले. दोर ताणला गेला, घोडी जागेवर. मी गोड बोलले. मी डाव्या बाजूला जाऊन मान थोपटली. मी शिव्या दिल्या. काही उपयोग नाही. आयुष्यात मी तिला कधी धरून नेलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत काकूंच्या घराबाहेरचं कुणीच नेलेलं नव्हतं. मनात म्हटलं, माळी खोटं बोलत नव्हता बिचारा.

तेवढ्यात शेजारच्या भट्टीच्या आवारातून एक गाढव बाहेर आलं. म्हातारं, कान लोंबलेले. आलं, घोडीला हुंगलं, तिच्या अंगाला अंग लावून उभं राहिलं आणि कंटाळून चालायला लागलं. त्याच्याबरोबर घोडीही निघाली. अशी निघाली की दोर माझ्या हातातून सुटला. मी मागे धावतेय, पुढं ही दोघं रमतगमत चाललीत, आणि पाठीमागून आवाज आला.

"ए! गाढव सोड माझं! भरदिवसा गाढव पळवतेस?"

भट्टीवाला. त्याला सगळा गाव करवत म्हणतो, कारण तो बोलायला लागला की समोरचा माणूस उभा चिरला जातो. त्याच्या भट्टीवर मजूर टिकत नाहीत आणि नातेवाईक फिरकत नाहीत.

"मी कशाला पळवू?" मी ओरडले. "तुमचंच गाढव आमची घोडी पळवून नेतंय!"

"तोंडाला पीठ फासून आलीस म्हणजे ओळखणार नाही वाटलं? गिरणीवाली ना तू? पिठात माप मारतेस ते मारतेस, आता गाढवंही मारायला लागलीस?"

"माप काढू नका! तुमच्या विटा पाण्यात विरघळतात ते सांगू का गावाला?"

"विरघळतात? माझ्या विटा?"

"गप बसा दोघं," काकू म्हणाल्या. लंगडत लंगडत त्या आमच्यापर्यंत आल्या होत्या. त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. "तिकडं बघा."

गाढवाला वाटेच्या डाव्या कडेला गवताची झुडपं दिसली होती. ते घोडीच्या पुढून वळून त्या बाजूला गेलं. घोडी तिथंच थांबली. पाऊल उचललेलं तसंच खाली ठेवलं. मान उजवीकडे वळली. गाढवाने चार घास ओरबाडले आणि ते पुन्हा उजव्या अंगाला आलं. घोडी चालू लागली.

काकूंनी कपाळावर हात मारला. "घोडा उजवीकडं असायचा," त्या म्हणाल्या. "तो गेल्यावर मी. मी नसले की पोरगा. आम्ही सगळे त्याच बाजूने चालायचो गं, कधी लक्षातसुद्धा आलं नाही. त्या बाजूला तिला काही दिसत नाही. तिथं कुणी नसलं की तिला वाटत असेल, खड्डाच आहे. साहेबांना डोळा सांगितला, बाजू सांगायची राहिली."

आणि कठडा नाही की दगड नाही, त्या तिथंच मातीत बसल्या आणि स्वतःवरच चिडून रडल्या. बंगल्यावर जी बाई ट्रकपुढं उभी राहिली होती तीच ही. सदरा घालताना आपण कुठला हात आधी घालतो ते कुणी विचारलं तर सांगता येतं का? तसलीच ही चूक. पण ती चूक घोडीच्या जिवावर बेतली होती.

करवतीने घोडीचा सुटलेला दोर उचलून माझ्या हातात दिला. त्याच्यासाठी ते फार झालं. मग म्हणाला, "रडायचं ते आवारात या आणि रडा. वाटेत ट्रॅक्टर येतात."

आवारात एका कडेला पत्र्याची छोटी शेड होती. खाली कोरडी माती चाळून पसरलेली. पाण्याचं भांडं घासलेलं. एका पाटीत चारा बोटाच्या पेराएवढा बारीक कापून ठेवलेला. काकूंनी डोळे पुसले आणि चारा हातात घेऊन बघितला.

"हे कुणी कापलं?"

"कुणी म्हणजे? मीच. दात नाहीत त्या मेल्याला. मला काय हौस आहे का?"

"विटा वाहतो का हा?"

"हा? उभं राहायला जोर नाही त्याच्यात. विटा आता ट्रकमधून जातात. दोन होती, एक गेलं, हे मागे राहिलं माझ्या डोक्यावर बसायला. जोडीदार गेल्यापासून सारखं ओरडतं. ना मला सुख, ना त्याला."

'तुमच्याकडं जुनं काय आहे' हे काकूंनी इथं विचारलंच नाही. सरळ म्हणाल्या, "घोडीला ठेवाल?"

"ठेवाल? मी काय पांजरपोळ काढलाय? एक लोंबकळतंय ते पुरे नाही का?"

"ती सोबत करते. तिला दुसरं काही येत नाही, पण ते ती चांगलं करते. तुमचं गाढव ओरडायचं थांबेल."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर घोडी माझ्या घरात, माझ्या खाटेशेजारी बांधीन. पण दलालाला देणार नाही."

करवतीने घोडीकडे बघितलं. घोडी आणि गाढव एकाच पाटीत तोंड घालून उभी होती. त्याने दोन्ही हात पसरून घोडीच्या पोटाची रुंदी घेतली, तसेच हात पसरलेले ठेवून शेडच्या दाराशी गेला आणि दाराच्या बाजूला रचलेल्या विटांना एक सणसणीत शिवी हासडली. "दार अरुंद आहे. बघत काय उभी राहिलीस गिरणीवाली? उचल विटा! आणि बघ, एक तरी विरघळते का ते."

मी विटा उचलल्या. काय करणार? तो सगळा वेळ बडबडत होता, ही ब्याद माझ्याच दारात का, बायकांना दुसरं घर नव्हतं का, उपकार म्हणून ठेवत नाही, झोप मिळावी म्हणून ठेवतोय. काकू मात्र गाणं ऐकावं तशा ऐकत होत्या. निघताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "तिला धरताना उजवीकडून..."

"कळलं! बहिरा नाही मी. गाढव तिच्या उजवीकडं, आणि मी गाढवाच्या उजवीकडं. वरात काढतो त्यांची, मग झालं?"

त्यानंतर काकू रोज संध्याकाळी भट्टीवर जायच्या. एवढं बघूनही विश्वास बसत नव्हता त्यांचा. एकदा पसंत केलेलं घर फसलं होतं ना. पाटी बघायच्या, खूर बघायच्या, पाणी हुंगायच्या. करवत म्हणायचा, "आल्या झडती घ्यायला." घोडी खायला लागली होती. गाढवाचं ओरडणं थांबलं होतं, हे तो कबूल करायचा नाही, पण शेजारच्या भट्टीवरच्या लोकांनी मला सांगितलं.

एका संध्याकाळी मुलाने माझ्या गिरणीतून कोंड्याचं पोतं उचललं आणि टेम्पोत टाकलं. आईकडे न बघता म्हणाला, "बस. सोडतो भट्टीवर." काकूंनी त्याच्याकडे बघितलं. "नव्या गाडीत कोंडा सांडेल."

"सांडू दे."

त्या पुढं बसल्या, मी मागे पोत्यावर. भट्टीच्या फाटकापाशी पोचलो तर आत दलाल उभा. मिशी अजून होतीच, मी आधी तेच बघितलं. आमची चाहूल कुणाला लागली नाही, कारण करवत सुरू झालेला होता.

"काय कामाची आहे म्हणून विचारतोस? कामाची नाही! म्हणूनच ठेवलीय! तुझ्या बापाच्या ताटातलं खाते का ती? तू तरी काय कामाचा आहेस रे? तुला ठेवलंय ना घरच्यांनी? गाढवाकडं बघू नकोस! त्याच्याकडंही बघायचं नाही! ट्रक वळव नाहीतर चाकांत विटा घालीन, आणि माझ्या विटा विरघळत नाहीत!"

शेडमध्ये घोडी मान खाली घालून खात होती. उजव्या अंगाला गाढव. ओरडा न सोसणारी ती घोडी, पण करवतीच्या ह्या ओरडण्याने तिचा कानसुद्धा हलला नाही. दलालाचा ट्रक आमच्या टेम्पोला घासून, धूळ उडवत निघून गेला. मुलगा खाली उतरून पोतं काढायला लागला आणि म्हणाला, "चल आई, बघून ये तिला."

काकू बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. हसत होत्या. काका गेल्यापासून तसं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं.

"पोतं फाटकापाशी ठेव," त्या म्हणाल्या. "आत जाऊन बघायला नको आता. घरी चल."